आतोबांचा मुका भोपळा

आरंभीच क्षमा मागून ठेवतो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी बोरू हाती धरलेला नाही. आजोबांनी झारा धरला, वडिलांनीही झाराच धरला, आणि त्यांच्या हातची बासुंदी खाऊन ज्यांनी बोटे चाटली त्यांनी कधी त्यांची नावे विचारली नाहीत. अशा घरातला मी. थोडेसे तर्कशास्त्र काय शिकलो आणि लगेच एका माणसाविषयी लिहायला बसलो, हे कोणाला आगाऊपणाचे वाटले तर त्यात त्यांची चूक नाही. लिहायचे ते देवांविषयी किंवा राजांविषयी, एवढे मलाही कळते. पण आमचे आतोबा, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, देवही नव्हते आणि राजेही नव्हते, त्यामुळे त्यांच्यावर दुसरे कोणी लिहील असे वाटत नाही. म्हणून भीतभीत लिहितो. वाक्य कुठे वाकडे गेले तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावे.

पुण्यात मुठेच्या काठी जी माणसे न बुडता म्हातारी झाली, त्यांतली निम्मी आतोबांमुळे झाली. उरलेली निम्मी पाण्यात उतरलीच नाहीत. हे मी अतिशयोक्ती म्हणून सांगत नाही. आमच्या पेठेत पोराची मुंज झाली की दुसऱ्या दिवशी आई त्याला घेऊन आतोबांच्या दारात उभी राहायची. गायत्री भटजींनी शिकवायची आणि पोहणे आतोबांनी, अशी वाटणीच झालेली होती. नात्याने ते फक्त माझे आतोबा. पण सगळी पोरे त्यांना आतोबाच म्हणत, आणि पुढेपुढे पोरांचे बापही म्हणू लागले. मला त्याचा फार राग यायचा. एकदा मी तक्रार केली, तेव्हा ते म्हणाले, "अरे, नदी काय तुझ्या एकट्याची आहे? मग मीच का असावा?"

त्यांचा पोटापाण्याचा उद्योग मात्र अगदी उलटा होता. घाटावरच्या देवळाच्या ओवरीत ते घटका मोजायला बसत. पाण्याने भरलेले मोठे घंगाळ, त्यात तरंगणारी तांब्याची वाटी, वाटीच्या बुडाला केसाएवढे भोक. त्या भोकातून पाणी चढत चढत वाटी भरली आणि बुडाली, की एक घटका झाली. मग आतोबा काशाच्या थाळीवर टोला द्यायचे आणि वाटी पुन्हा पाण्यावर ठेवायचे. जन्मभर भांडे बुडायची वाट बघत बसलेला हा माणूस! पहाटेची पाळी संपवून तो पायऱ्या उतरायचा तेव्हा पोरे तरताना बघायला किती अधीर झालेला असेल, याची कल्पना करावी. अंगाने किरकोळ, डोक्याला पंचा, तोंडात शिवी आणि पाठीवर भोपळा. हा भोपळा म्हणजे आमच्याकडे पोहायला शिकताना पाठीला बांधतात तो, वाळवून टणक केलेला कडू भोपळा. आतोबांचा भोपळा नेहमी एका जुन्या फडक्यात गुंडाळलेला असायचा. का, असे कोणी विचारले तर म्हणायचे, "म्हातारा झालाय तो. पाण्यात थंडी वाजते त्याला."

पोहायला शिकवणारा माणूस स्वतःच भोपळा बांधतो, यावर घाटावर पुष्कळ विनोद होत. नव्याने आलेला कोणीतरी गृहस्थ हमखास म्हणायचा, "काय हो, तुम्हालाच भोपळा लागतो, तर पोरांना काय शिकवणार?" आतोबा त्याच्या पायांकडे बघत आणि म्हणत, "जोडे घातलेत आपण. चालता येत नाही वाटतं?" पलीकडच्या तीरावरून नाव घेऊन येणाऱ्या नावाड्याशी तर त्यांचे रोजचे भांडण. नावाडी नावेतून ओरडायचा, "आतोबा, म्या मान्सं कोरडी न्हेतो, तुमी वली करून न्हेता. कशापायी ह्यो उद्योग?" त्यावर आतोबा ओरडायचे, "तुझी नाव उलटली म्हणजे कळेल कशापायी!" एवढे बोलून झाले की दोघे एकाच पायरीवर बसून तंबाखू मळत.

घरात नवी वस्तू आली की ती तरते की बुडते हे पाहिल्याशिवाय आतोबांना चैन पडत नसे. आत्याने हौसेने सागवानी पाट करून घेतला, तर तो आधी हौदात पोहून आला आणि मगच त्यावर कोणी जेवायला बसले. नारळ, लाटणे, उंबऱ्यासाठी आणलेले लाकूड, कशाचीही सुटका नव्हती. माझ्या थोरल्या बहिणीला पाहायला पाहुणे आले होते तेव्हा मुलाच्या हातची चांदीच्या मुठीची काठी आतोबा फार प्रेमाने न्याहाळू लागले. आत्याने ते पाहिले आणि काठी काढून आत नेऊन ठेवली. पाहुणे गेल्यावर आम्ही मुलाविषयी मत विचारले. ते जरा फुरंगटूनच म्हणाले, "मला काय विचारता? बघू दिलंत का?"

शिकवण्याची त्यांची रीत मात्र मला अजून इतरत्र कुठे आढळली नाही. आतोबा कोणालाही तयार भोपळा देत नसत. ज्याला पोहायचे असेल त्याने स्वतःचा भोपळा स्वतः वाढवायचा, हा नियम. ज्येष्ठ-आषाढात ते कमरेच्या चंचीतून एक बी काढून हातावर ठेवत आणि सांगत, "हे माझ्या भोपळ्यातलं. लाव." मग वेल चढवायचा, फळ धरायचे, ते वेलावरच पिकू द्यायचे, थंडीभर चुलीवरच्या फळीवर वाळवायचे. आतले बी काढायचे नाही, कारण भोक पडले की पाणी शिरणार. चैत्रात भोपळा हलवून बघायचा; आतले बी खुळखुळ वाजले की तो भोपळा पाण्याजोगा झाला आणि पोरगाही झाला. पोहता येऊ लागले की भोपळा घाटाच्या पायरीवर फोडायचा आणि बी आतोबांच्या चंचीत परत. असे पिढ्यान्‌पिढ्या चाललेले. वैशाखात आम्ही सगळे डोहात उतरलो म्हणजे नदीभर खुळखुळ-खुळखुळ आवाज व्हायचा. आतोबा पाण्याकडे पाठ करून धोतर पिळत असले तरी आवाजावरून सांगायचे, "गोंदू, पाय मार. नुसता लोंबकळतोयस." त्यांचा स्वतःचा भोपळा मात्र कधी वाजत नसे. आम्ही विचारले तर म्हणायचे, "बोलून बोलून दमलाय. आता तुमचं ऐकतो."

गोंदूचे नाव आले म्हणून त्याची हकीकत सांगतो. गोंदू माझ्या शेजारचा आणि माझ्याच वयाचा. त्याची आई फार काटकसरी. नुसत्या कडू भोपळ्यासाठी मांडव कशाला अडवायचा, असा विचार करून तिने आतोबांचे बी बाजूला ठेवले आणि गोड दुधी लावला. वर्षभर भाजी खाल्ली आणि शेवटचा एक दुधी वाळवून गोंदूच्या पाठीला बांधला. पातळ सालीचा तो दुधी पाण्यात भिजला, मऊ पडला, आणि गोंदू डोहाच्या मधोमध हळूहळू खाली जाऊ लागला. आतोबांनी त्याला शेंडीला धरून काठावर आणले, उलटा केला, पाणी काढले, आणि त्याच्या आईला म्हणाले, "वहिनी, पोरगं आणि भाजी एकाच वेलावर काढायचा बेत होता होय? पुढच्या वर्षी कडू लावा. भाजी आमच्याकडून न्या." गोंदूने घाबरून बरीच नदी पोटात घेतली होती. त्यालाही त्यांनी बजावले, "सगळी पिऊ नकोस रे. खाली धोब्यांना लागते."

आता माझे. मला पाण्याचे भय होते, आणि माझे सगळे त्या पाण्यावरच अडलेले होते. वडिलांची फार इच्छा की मी शिकावे. "माझ्या हाताला फोडणीचा वास आहे," ते म्हणायचे, "सदूच्या हाताला शाईचा येऊ दे." नदीपलीकडे आमराईत न्यायशास्त्र शिकवणारे एक शास्त्रीबुवा राहत. त्यांनी मला विद्यार्थी म्हणून घ्यायचे कबूल केले होते. पावसाळ्याच्या तोंडाशी पाठ सुरू होणार होता. तेव्हा नदीवर पूल नव्हता, रोज नावेने जावे लागणार. आई म्हणाली, "नावेत बसायला पोहता यायलाच हवं. भोपळा न बांधता डोह ओलांडून दाखव, मग खुशाल न्याय शीक नाहीतर अन्याय शीक. नाही आलं, तर वडिलांबरोबर मुदपाकखान्यात जा. तिथे वाटणाला पोरगा हवाच आहे." आई बोलली म्हणजे बोलली. घरात तिच्यापुढे वडिलांचे चालत नसे आणि आतोबांचे तर मुळीच नाही.

आदल्या आषाढात मी बी लावले. वेल चांगला फोफावला, फळेही भरपूर धरली. आणि मग एक गोष्ट झाली, जी फक्त आचाऱ्याच्याच घरी होऊ शकते. कोवळा भोपळा दिसला की आचाऱ्याचा अंगठा आपोआप त्याच्याकडे जातो. नख रुतते की नाही यावरून कोवळेपणा बघायची ही सवय. वडील पहाटे कामावर जाताना वेलाखालून जायचे, रात्री परत येताना वेलाखालून यायचे. त्यांच्या मनात काही नसायचे, बहुधा तोंडात स्तोत्र असायचे. पण हात वर जायचा आणि प्रत्येक फळाला नख लागायचे. नख लागले तिथे भोपळा सडला. दिवाळीपर्यंत वेलावरची फळे एकेक करून काळी पडून गळाली. आतोबा बघायला आले. एक सडके फळ उचलून त्यांनी चंद्रकोरीसारखी ती खूण न्याहाळली आणि वडिलांना विचारले, "मेहुणे, हा पोरगा शिकावा असं नक्की कोणाला वाटतंय? तुम्हाला की तुमच्या अंगठ्याला?"

वडिलांनी शरमून अंगठा मुठीत लपवला. मी तर रडायलाच लागलो. भोपळा नाही म्हणजे पोहणे नाही, आणि पोहणे नाही म्हणजे पाटा-वरवंटा. आतोबा भिंतीवर चढले. या वयात भिंतीवर कसे चढले, देव जाणे. वेलाचा एक फाटा भिंतीपलीकडे गोंदूच्या गोठ्याच्या छपरावर गेला होता, आणि तिथे, वडिलांचा हात पोचणार नाही अशा जागी, एक भोपळा सुखाने वाढत होता. त्या दिवसापासून वडील अंगठ्याला चिंधी बांधून वेलाखालून जाऊ लागले. कामावर कोणी विचारले तर भाजले म्हणून सांगायचे. आचाऱ्याने भाजले असे सांगणे म्हणजे केवढी नामुष्की, हे मला फार उशिरा कळले.

चैत्रात माझा भोपळा वाजला. पहिले काही दिवस मी पायरीला धरून नुसता कुडकुडत असे. आतोबांनी आधी घरी पाटावर पालथे पाडून हात मारायला शिकवले होते. पण पाटाखाली जमीन असते आणि जमिनीला खोली नसते. ते शेजारी यायचे आणि म्हणायचे, "पाण्याशी भांडू नकोस. ते भांडखोर नाही, पण आजवर हरलेलंही नाही." एके सकाळी उताणे पडायला सांगून त्यांनी डोक्याखालचा हात काढून घेतला, आणि मला कळलेही नाही. कान पाण्यात बुडाले, घाटावरचा कालवा एकदम बंद झाला, आणि पाठीमागच्या भोपळ्याची खुळखुळ तेवढी फार लांबून आल्यासारखी ऐकू येऊ लागली. वर नुसते आभाळ होते. मी कोणाचा मुलगा, पुढे शास्त्री होणार की आचारी, यातले काही पाण्याने मला विचारले नाही. त्याने नुसते धरून ठेवले. त्यानंतर पुष्कळ ग्रंथ वाचले, पण इतके निश्चिंत मला पुन्हा कधी वाटले नाही.

तरी भोपळा सोडायची वेळ आली तेव्हा धीर सुटलाच. परीक्षेच्या सकाळी आई घाटावर येऊन उभी होती. वडील अंगठ्याला चिंधी तशीच ठेवून आले होते, जरी आता वेलही वाळून गेला होता. नावाड्याने आपली नाव जरा दूर उभी केली होती. मी उघड्या पाठीने पाण्यात उभा राहिलो आणि म्हणालो, "आतोबा, मला नाही जमणार." ते आपला भोपळा पाठीवर घट्ट करत म्हणाले, "तुझा नाही, पण माझा आहे ना? मी बाजूलाच असतो. दमलास की धर." एवढे बोलून ते पाण्यात शिरले.

अर्ध्यापर्यंत ठीक गेले. मधल्या गार पाण्यात माझे पाय जड झाले. मी ओरडलो, "आतोबा, धरतो!" ते म्हणाले, "धर की." मी हात लांब केला, फडक्याला बोटे लागली न लागली तोच ते हातभर पुढे सरकले. "अरे, जरा पुढे ये, मग नीट धर." मी पुढे गेलो. ते पुन्हा सरकले. मी रडत, ओरडत, एकदा तर त्यांना नको ते बोलत त्या भोपळ्यामागे हात मारत राहिलो. "शिव्या चांगल्या देतोस," ते मागे न बघता म्हणाले, "दम आहे म्हणायचा अजून." नावाडी ओरडला, "आरं पोरा, खाली बघ की! कंबरंएवढ्या पान्यात हाईस!" मी पाय खाली सोडले, तर वाळू लागली. पलीकडच्या काठाची वाळू. मागे वळून पाहिले तर आईने पदर तोंडाला लावला होता, आणि वडील आपल्या अंगठ्याची चिंधी सोडत होते.

त्या पावसाळ्यात मी शास्त्रीबुवांकडे जाऊ लागलो. पुढे नदीवर लाकडाचा पूल झाला आणि सगळ्या पेठेला आनंद झाला, दोन माणसे सोडून. इतकी वर्षे भांडणारे आतोबा आणि नावाडी पहिल्यांदाच एका बाजूला झाले. नावाड्याचे निदान पोट तरी होते. आतोबांचा राग निव्वळ तात्त्विक होता. "पुलावरून काय, बैलही जातो," असे म्हणून त्यांनी त्या पुलावर अखेरपर्यंत पाऊल ठेवले नाही. पलीकडे श्राद्धाचे आमंत्रण असले तरी हे सोवळे डोक्याला बांधून पुलाखालून पोहत जायचे, आणि वरून जाणाऱ्या ओळखीच्या माणसांची खालून वास्तपुस्त करायचे. मुले मात्र हळूहळू कमी येऊ लागली. पूल असताना पोहायचे कशाला, असे त्यांच्या आया म्हणू लागल्या. ज्येष्ठात चंची उघडून आतोबा कितीतरी वेळ बसून राहायचे, असे आत्या सांगायची.

मी पुढच्या अध्ययनासाठी काशीला निघालो तेव्हा आतोबा पायऱ्यांवर बसले होते. पाया पडलो, तर त्यांनी चंचीतून बी काढून हातावर ठेवले. "तिथली नदी मोठी आहे म्हणतात," ते म्हणाले. "जपून जा. आणि सगळी पिऊ नकोस." ते बी मी इथे गुरुजींच्या परसात लावले आहे. वेल चढला आहे. बरोबरचे विद्यार्थी हसतात. मी येताजाता त्याला हात न लावण्याची काळजी घेतो, कारण अंगठा शेवटी आचाऱ्याच्या घरचाच आहे.

गेल्या महिन्यात गोंदू आपल्या आईला घेऊन काशीयात्रेला आला. त्याच्याकडूनच कळले की आतोबा गेले. कार्तिकात, अंथरुणावर, चार दिवसांच्या तापाने. पाण्याने त्यांना काही केले नाही. दिवस झाल्यावर त्यांनी शिकवलेली माणसे आपण होऊन घाटावर जमली. त्यांत केस पांढरे झालेले होते आणि पोरेही होती. माझे वडीलही गेले होते. आतोबांचा भोपळा नदीत सोडावा, तो वाहत जाईल तोवर हात जोडून उभे राहावे, असे सगळ्यांच्या मनात आले. फडके काढून गोंदूनेच तो पाण्यावर ठेवला. भोपळा क्षणभर तरंगला, मग एका बाजूला कलला. त्याच्या बुडाला चांगले बोट जाईल एवढे भोक होते.

बी त्यातूनच काढलेले होते. "हे माझ्या भोपळ्यातलं" असे ते दर वर्षी आम्हाला सांगत होते. धुरावरून अग्नी ओळखायला मी एवढ्या लांब येऊन शिकलो, पण न वाजणाऱ्या भोपळ्यावरून मला काही ओळखता आले नव्हते. गोंदू सांगत होता आणि माझा उजवा हात आपोआप पुढे झाला होता, डोहाच्या मधल्या पाण्यात झाला होता तसाच.

नावाडी काठावर अंगरखा काढून उडी घ्यायला निघाला, गोंदू म्हणाला. पण वरच्या पायरीवर बसलेली आत्या म्हणाली, "राहू दे रे. रोज घरी आले की त्यातलं पाणी मीच ओतून टाकत होते." मग कोणी हलले नाही. भोपळा घटकेच्या वाटीसारखा सावकाश भरत गेला आणि दिसेनासा झाला. सवयीने सगळ्यांचे कान ओवरीकडे लागले. टोला पडला नाही.